पाच मिनिटांचे सोंग

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमध्ये आठव्या मजल्यावर ‘स्टुडिओ ८-एच’ नावाचे एक प्रशस्त दालन आहे. १९३७ सालच्या नाताळात आर्तुरो तोस्कानिनी या जगद्विख्यात वाद्यवृंद-संचालकाने एन.बी.सी.च्या नभोवाणीसाठी आपला पहिला कार्यक्रम येथूनच सादर केला होता. त्याच दालनातून ११ ऑक्टोबर १९७५ रोजी, शनिवारी रात्री साडेअकराच्या ठोक्याला, विनोदी प्रहसनांचा एक कार्यक्रम सुरू झाला. त्यातल्या सात तरुण नटनटींची नावे फारशी कोणाला ठाऊक नव्हती. पुढे त्या कार्यक्रमाचे नाव ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ असे पडले, आणि तो आजही चालू आहे. तोस्कानिनीच्या दालनात ही सोंगे, म्हणून कोणी नाके मुरडली असतील तर नवल नाही.

आमच्या वाचकांना हा प्रकार अपरिचित नाही. २०१४ पासून ‘चला हवा येऊ द्या’ने आणि २०१८ पासून ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ने मराठी घरांतल्या जेवणाच्या वेळा बदलल्या आहेत. भाऊ कदम किंवा समीर चौघुले ही नावे नाटकवेड्यांना आधीपासून ठाऊक होती. पण ज्यांनी कधी नाट्यगृहाची पायरी चढली नाही, त्यांच्या ओठांवर ती आली ती या लहान लहान प्रहसनांमुळे. अशी प्रसिद्धी नटाला कोठे नेते, आणि नेता नेता त्याचे काय करते, हा प्रश्न कुतूहलाचा आहे. आपल्याकडचा प्रयोग अजून कोवळा आहे. न्यूयॉर्कचा प्रयोग पन्नास वर्षे पार करून गेला आहे, आणि त्याचे बरेवाईट निकाल समोर आहेत.

खरे तर मूळ आणखी मागे जाते. फेब्रुवारी १९५० मध्ये एन.बी.सी.वरच ‘युअर शो ऑफ शोज’ सुरू झाला. दर शनिवारी दीड तास, सारे काही थेट. चुकले तर चुकले. त्याचा नायक सिड सीझर हा अजब नकलाकार होता. जर्मन, फ्रेंच, इटालियन यांपैकी कोणत्याही भाषेचा नाद, हेल आणि हातवारे तो असे काही उचली की शब्दाला शब्द निरर्थक असूनही ऐकणाऱ्याला वाटे, गृहस्थ बर्लिनहून कालच आला आहे. पडद्यामागे त्याच्यासाठी लिहिणाऱ्यांत मेल ब्रूक्स आणि नील सायमन होते. १९५७ मध्ये सीझरचा पुढचा कार्यक्रमही बंद झाला आणि या अफाट गुणी माणसाची जवळजवळ वीस वर्षे दारू आणि गोळ्यांच्या आहारी गेली. तिकडे सायमनने १९६५ मध्ये ‘द ऑड कपल’ लिहून ब्रॉडवे जिंकले. ब्रूक्स चित्रपट दिग्दर्शक झाला. म्हणजे पहिल्याच पिढीत निकाल लागला तो असा की, उजेडात उभा होता तो थकला, आणि कागदावर वाकून बसले होते ते टिकले.

१९७५ च्या कार्यक्रमाचा कर्ता लॉर्न मायकल्स हा मूळचा कॅनडाचा. माणसे त्याने तयार नाट्यसंस्थांतून उचलली. शिकागोत १९५९ पासून ‘सेकंड सिटी’ नावाची मंडळी होती. प्रेक्षकांतून कोणी विषय ओरडून सांगायचा आणि नटांनी त्यावर ऐनवेळी प्रवेश उभा करायचा, ही तेथली रीत. लॉस एंजेलिसमध्ये ‘ग्राउंडलिंग्ज’ ही तशीच दुसरी संस्था. आपल्याकडे एकांकिका स्पर्धांतून जशी पोरे घासून निघतात, तशी तिकडे या संस्थांतून निघतात. जॉन बेलुशी, डॅन अ‍ॅक्रॉइड, गिल्डा रॅडनर हे सेकंड सिटीच्या घराण्यातले. लॅरेन न्यूमन ग्राउंडलिंग्जची. तेव्हा दूरचित्रवाणीने त्यांना ‘घडवले’ असे म्हणणे पूर्ण खरे नाही. घडण आधीची होती. दूरचित्रवाणीने तिला माप दिले, आणि ते माप होते पाच मिनिटांचे.

हे माप कसे बसते ते समजण्यासाठी तेथला आठवडा पाहावा. दर आठवड्याला एक पाहुणा येतो. कधी नट, कधी खेळाडू, क्वचित राजकारणी. सोमवारी त्याच्यासमोर सारेजण आपापल्या कल्पना मांडतात. मंगळवारची रात्र लिहिण्यात जाते, पहाट होईपर्यंत. बुधवारी लांबलचक टेबलाभोवती चाळीसएक प्रहसने वाचली जातात आणि त्यांतली बहुतेक तेथेच गळतात. उरलेल्यांची नेपथ्ये गुरुवार-शुक्रवारी उभी राहतात. शनिवारी रात्री आठला खऱ्या प्रेक्षकांपुढे रंगीत तालीम होते. तिच्यात हशा पडला नाही ते प्रवेश थेट प्रक्षेपणापूर्वी कापले जातात. संवाद शेवटच्या घटकेपर्यंत बदलत असल्याने पाठांतराचा उपयोग नाही, म्हणून मोठाल्या पुठ्ठ्यांवर हाताने लिहून ते नटासमोर धरतात. एखाद्या नवख्या मुलीने आठवडाभर जागून पात्र रचावे, केसांचा टोप चढवून पंखात उभे राहावे, आणि अकरा वाजता कळावे की आपला प्रवेश गेला! असे एकदा नव्हे, सलग महिनाभर घडू शकते. जे यातून टिकतात ते एक गोष्ट लवकर शिकतात. आपल्यासाठी कोणी लिहील याची वाट पाहायची नाही.

आणि काय लिहायचे? पहिल्या दहा सेकंदांत ओळख पटेल, तिसऱ्या आठवड्यात पुन्हा आले की टाळी पडेल, असे सोंग. गिल्डा रॅडनर यात विलक्षण होती. तिची एमिली लिटेला ही थकलेली, कानाने अधू बाई बातम्यांच्या प्रवेशात येऊन तावातावाने बोले. टीव्हीवरच्या ‘व्हायोलन्स’विरुद्ध ओरड चालली आहे, हे तिने ‘व्हायोलिन’ असे ऐकलेले. मग बिचाऱ्या व्हायोलिनची बाजू घेऊन ती भांडणार. चूक कोणी कानात सांगितली की गोड हसून, राहू द्या म्हणून मोकळी. तीन मिनिटांचा खेळ, पण ती म्हातारी जिवंत होती. अशा डझनावारी बायका गिल्डाने उभ्या केल्या. १९८० मध्ये तिने कार्यक्रम सोडला, आणि पुढे चित्रपटांनी या नटीचे काय केले? तिच्या वाट्याला भूमिका आल्या त्या पडेल. तिच्या मापाचे दोन तासांचे कथानक कोणाला लिहिता आले नाही. २० मे १९८९ रोजी, शनिवारी, कर्करोगाने ती गेली. वय ४२. त्या रात्रीचा पाहुणा स्टीव्ह मार्टिन होता. १९७८ साली त्या दोघांनी केलेला एक नाच त्या रात्री पुन्हा दाखवण्यात आला. त्याची ओळख करून देताना त्याला आवंढा आवरला नाही.

माप ताणले की काय होते याची याहून ठसठशीत उदाहरणे आहेत. ‘द ब्लूज ब्रदर्स’ (१९८०) आणि ‘वेन्स वर्ल्ड’ (१९९२) हे प्रहसनांतल्या पात्रांवरचे चित्रपट जोरात चालले. झाले! निर्मात्यांच्या तोंडाला पाणी सुटले. ‘इट्स पॅट’ (१९९४) आणि ‘स्टुअर्ट सेव्हज हिज फॅमिली’ (१९९५) ओळीने आले आणि ओळीने कोसळले. पॅट ही व्यक्ती स्त्री की पुरुष हे कोणालाच ठरवता येत नाही, एवढाच पॅटचा विनोद. पाच मिनिटे तो पुरतो. सोंगाला स्वभाव असतो, पण भूतकाळ नसतो. नाटक-चित्रपटाला तो लागतो. सर्व सोंगे आणता येतात, पैशाचे आणता येत नाही, असे आपली म्हण सांगते. येथे सोंगांनी पैसाही आणला. लांबी तेवढी त्यांना आणता आली नाही.

मग एडी मर्फीचे काय, असे कोणी विचारील. १९८० मध्ये मायकल्स आणि त्याचे सारे नट बाहेर पडले. नव्या मंडळींचे हसे होत होते. तेव्हा १९ वर्षांचा हा मुलगा आला. आरंभी त्याला किरकोळ कामे मिळत. दोन वर्षांत चित्र असे पालटले की डिसेंबर १९८२ मध्ये निक नोल्टी हा पाहुणा आजारी पडताच सूत्रधाराची जागा मर्फीलाच देण्यात आली. नोकरीवर असताना पाहुणा होण्याचा मान त्याच्याआधी कोणाला मिळाला नव्हता. त्याच महिन्यात ‘४८ अवर्स’, पुढच्या वर्षी ‘ट्रेडिंग प्लेसेस’, १९८४ मध्ये ‘बेव्हर्ली हिल्स कॉप’. त्याचे गमक आमच्या मते असे की, मर्फी सोंगांच्या आधारावर उभा नव्हता. एकट्याने रंगमंचावर उभे राहून तासभर माणसे हसवण्याची सवय घेऊन तो आला होता. पडद्यावरही तो कोणा पात्राचा नव्हे, स्वतःचा रुबाब घेऊन गेला. १९८४ मध्ये त्याने जागा सोडली, आणि ते वर्ष सरल्यावर पस्तीस वर्षे तो पाहुणा म्हणूनही आला नाही. डिसेंबर २०१९ मध्ये आला, आणि त्या एका रात्रीसाठी एमी पारितोषिक घेऊन गेला.

याच्या अगदी उलट गोष्ट ज्यूलिया लुई-ड्रायफसची. १९८२ मध्ये, वयाच्या २१व्या वर्षी ती आली आणि तीन वर्षांत फारसे काही तिच्या हाती लागले नाही. १९८४-८५ च्या हंगामात लॅरी डेव्हिड नावाचा एक तिरसट लेखक तेथे होता. त्याचे लेखन वाचले जाई आणि प्रक्षेपणापूर्वी कापले जाई. एके शनिवारी संतापून त्याने वरिष्ठांना नाही नाही ते ऐकवले आणि नोकरी सोडली. घरी गेल्यावर पगाराचा हिशेब डोळ्यांपुढे आला असावा. सोमवारी सकाळी काही घडलेच नाही अशा चेहऱ्याने तो पुन्हा कचेरीत येऊन बसला. कोणी काही बोलले नाही! पुढे जेरी साइनफेल्डबरोबर त्याने ‘साइनफेल्ड’ ही मालिका रचली, तेव्हा हाच प्रसंग तिच्यात घातला, आणि त्या मालिकेत इलेन झाली ती ज्यूलिया. नंतर ‘व्हीप’मधल्या कामासाठी तिला २०१२ ते २०१७ अशी सलग सहा वर्षे अभिनयाचे एमी मिळाले. कार्यक्रमाने या दोघांना कीर्ती दिली नाही, एकमेकांची ओळख दिली. ती जास्त कामाला आली.

नाकारले गेलेल्यांची यादीही लहान नाही. जिम कॅरीला १९८० मध्ये चाचणीतच परत पाठवले. डेमन वेयन्सने १९८६ मध्ये न ठरलेल्या ढंगात पात्र रंगवले म्हणून त्याला काढले. १९९० मध्ये डेमनचा थोरला भाऊ कीनन याने दुसऱ्या वाहिनीवर ‘इन लिव्हिंग कलर’ हा कृष्णवर्णी नटांचा प्राधान्याने भरणा असलेला कार्यक्रम काढला, तेव्हा डेमन तेथे होता आणि कॅरीही. १९९४ या एका वर्षात कॅरीचे तीन चित्रपट गाजले. सॅटर्डे नाइट लाइव्हला मात्र वर्णाच्या बाबतीत फार उशिरा जाग आली. संचात एकही कृष्णवर्णी स्त्री नाही, अशी जाहीर टीका झाल्यावर जानेवारी २०१४ मध्ये सशीर झमाटाला घेण्यात आले.

१९९५ मध्ये अ‍ॅडम सँडलर आणि क्रिस फार्ली या दोघांनाही काढून टाकण्यात आले. सँडलर चित्रपटांत अमाप यशस्वी झाला. २०१९ मध्ये पाहुणा म्हणून परतला तेव्हा आपल्या हकालपट्टीवर त्याने गाणे म्हटले, आणि दुसरे गाणे फार्लीवर. फार्ली तोवर उरला नव्हता. तो अंगापिंडाने प्रचंड होता. नीतिपाठ देणाऱ्या एका वक्त्याच्या सोंगात तो टेबलावर धाडकन कोसळून त्याचा चुराडा करी आणि प्रेक्षक लोटपोट होत. बेलुशी हे त्याचे दैवत. बेलुशी मार्च १९८२ मध्ये मादक द्रव्यांनी गेला, वय ३३. फार्ली डिसेंबर १९९७ मध्ये तसाच गेला, वय ३३. योगायोग म्हणून हे सोडून देणे सोपे आहे. पण ज्या नटाचे शरीर हाच विनोद ठरतो, त्याच्याकडे लोक दर शनिवारी आणखी मोठी आदळआपट मागतात, आणि ‘आता पुरे’ असे म्हणणारा त्या दालनात कोणी असेलच असे नाही.

टीना फेचा मार्ग पाहिला की सीझरच्या लेखकांची आठवण होते. सेकंड सिटीतून ती लेखिका म्हणून आली, १९९९ मध्ये लेखकांची प्रमुख झाली. या जागेवर पहिलीच स्त्री. पडद्यावर ती नियमित दिसू लागली ती २००० पासून, बातम्यांच्या प्रवेशात. २००४ मध्ये तिने ‘मीन गर्ल्स’ची पटकथा लिहिली, २००६ पासून ‘थर्टी रॉक’ ही मालिका, अशाच एका प्रहसन-कार्यक्रमाच्या कचेरीतली. २००८ च्या निवडणुकीत तिने सॅरा पेलिनबाईंची नक्कल अशी वठवली की खरी कोण आणि सोंग कोणते याची लोकांना गंमत वाटू लागली. पण तोवर तिला त्या सोंगाची गरज उरलेली नव्हती.

डिसेंबर २००५ मध्ये ‘लेझी संडे’ हे अडीच मिनिटांचे गाणे प्रक्षेपित झाले आणि तेव्हा नव्यानेच निघालेल्या यूट्यूबवर लोकांनी ते पुनःपुन्हा पाहिले. तेव्हापासून दीड तासाची रात्र तुकड्यांनी पाहिली जाते. माप पाचावरून तीनावर आले आहे. आपल्याकडच्या प्रहसनांचेही तेच झाले आहे. संपूर्ण भाग पाहणाऱ्यांपेक्षा मोबाइलवर तेवढाच तुकडा पाहणारे पुष्कळ भेटतात.

फेब्रुवारी २०२५ मध्ये पन्नाशीचा सोहळा झाला. त्याच वर्षीच्या शरदात ५१वा हंगाम सुरू होण्याआधी काही नटांना निरोप मिळाला, काहींनी तो स्वतःहून घेतला, आणि पाच नवे चेहरे आले. त्यांपैकी बेन मार्शल हा २०२१ पासून तेथे लेखक म्हणूनच काम करीत होता. बुधवारच्या टेबलाशी आपला कागद कसा वाचायचा हे शिकायची निदान त्याला तरी गरज नव्हती.