ईसीजीच्या कोपऱ्यातला आकडा काय सांगतो?

छातीत दुखते म्हणून दवाखान्यात गेले, ईसीजी काढला, गुलाबी चौकटींच्या कागदावर नागमोडी रेघ उमटली. डॉक्टर ती रेघ पाहतात, रुग्ण डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे पाहतो. कागदाच्या खालच्या कडेला बारीक अक्षरांत छापलेल्या ओळीकडे मात्र फारसे कुणाचे लक्ष जात नाही. 'सेकंदाला २५ मिलिमीटर, एका मिलिव्होल्टला १० मिलिमीटर' आणि त्यापुढे '०.०५ ते १५० हर्ट्झ' किंवा '०.५ ते ४० हर्ट्झ' असे काहीतरी तिथे लिहिलेले असते. यातला शेवटचा आकडा फिल्टरचा, म्हणजे विजेच्या गाळणीचा. हृदयाकडून आलेल्या संकेतातले काय ठेवले आणि काय गाळून टाकले, याची ती नोंद असते. गाळणी बदलली की त्याच हृदयाची, त्याच मिनिटाला काढलेली रेघ वेगळी दिसू शकते.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. जावळी-पाटणच्या डोंगरातल्या किंवा जत-आटपाडीच्या माळावरच्या गावातून हृदयरोगतज्ज्ञाकडे पोहोचायला वेळ लागतो. अशा वेळी जवळच्या दवाखान्यात काढलेल्या ईसीजीचा मोबाइलवर फोटो काढून तो सातारा, कऱ्हाड किंवा मिरजेच्या डॉक्टरांना पाठवणे हा सोयीचा मार्ग ठरतो. पुढचा निर्णय त्या रेघेवर अवलंबून असतो. म्हणून ती रेघ कशी तयार होते, हे समजून घ्यायला हवे.

एक हजारांश व्होल्टचा आवाज

हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर त्याच्या स्नायूंतून विजेची एक लहर जाते. त्वचेपर्यंत येईतो तिची उंची जेमतेम एक मिलिव्होल्ट, म्हणजे व्होल्टचा एक हजारावा भाग उरते. मेंदूचे संकेत तर याहून दहा ते शंभर पट क्षीण असतात. उलट घरातल्या विजेचा दाब २३० व्होल्ट. भिंतीतल्या तारा, ट्यूबलाइट, पंखा, शेजारची पाण्याची मोटार यांच्यामुळे सेकंदाला ५० वेळा होणारे कंपन अंगावर आणि यंत्राच्या वायरींवर उमटत राहते. जत्रेच्या गर्दीत कुणी कानाशी कुजबुजावे, तशी हृदयाच्या संकेताची अवस्था असते.

गोंधळ एवढ्यावर थांबत नाही. रुग्ण थंडीने किंवा भीतीने थरथरला की हातापायांच्या स्नायूंचे संकेत मिसळतात. श्वासाबरोबर छाती वरखाली झाली की संपूर्ण रेघ हळूहळू डोलू लागते. त्यात त्वचा आणि इलेक्ट्रोड यांच्या स्पर्शातून एक स्थिर दाब तयार होतो. तो ३०० मिलिव्होल्टपर्यंत असला तरी यंत्राने काम करत राहावे, अशी मानकांची अपेक्षा असते. म्हणजे हवा असलेला संकेत एक मिलिव्होल्ट आणि नको असलेला त्याच्या तीनशे पट! सगळेच हजार पट मोठे करायचे म्हटले तर ३०० व्होल्ट होतील आणि काही व्होल्टवर चालणारी चिप तिथेच अडकून पडेल.

आता सगळे डिजिटल झाले आहे, मग संगणकालाच हे गाळू द्यावे, असे वाटणे साहजिक आहे. बरेचसे गाळण्याचे काम आज संगणक करतोही. पण संगणकाला संकेत द्यायचा तर आधी त्याचे आकड्यांत रूपांतर करावे लागते आणि त्यापूर्वीच दोन कामे उरकावी लागतात. पहिले, तो स्थिर दाब बाजूला काढणे. दुसरे, जास्त वेगाची कंपने रोखणे. सिनेमात टांग्याचे चाक कधी कधी उलटे फिरताना दिसते, तशी फसगत इथेही होते. सेकंदाला २५० नोंदी घेणाऱ्या यंत्रात २४० हर्ट्झचे स्नायूंचे कंपन शिरले, तर नोंदीत ते १० हर्ट्झचे म्हणून दिसते. १० हर्ट्झ हा हृदयाच्या संकेताचाच प्रदेश. एकदा मिसळलेले हे पाणी मग वेगळे करता येत नाही. म्हणून दारातच एक ॲनालॉग गाळणी लागते.

गाळणी चुकली तर

पीठ चाळताना चाळणीची भोके मोठी असली तर कोंडा पिठात जातो आणि फार बारीक असली तर चांगले पीठही वर राहते. ईसीजीच्या फिल्टरचेही तसेच आहे, फक्त त्याला दोन टोके असतात. खालचे टोक संथ चढउतार गाळते, वरचे टोक जलद कंपने.

अमेरिकन हार्ट असोसिएशन आणि तिच्या सहकारी संघटनांनी २००७ मध्ये केलेल्या शिफारशींत प्रौढांच्या निदानासाठी वरची सीमा किमान १५० हर्ट्झ, तर लहान मुलांसाठी २५० हर्ट्झ असावी, असे म्हटले आहे. खालची सीमा साध्या फिल्टरसाठी ०.०५ हर्ट्झ सांगितली जाते. अतिदक्षता विभागातल्या मॉनिटरवर मात्र बहुधा ०.५ ते ४० हर्ट्झ ठेवतात, कारण तिथे ठोक्यांची लय पाहायची असते आणि रेघ स्थिर दिसणे सोयीचे असते.

हा मॉनिटरचा फिल्टर निदानाच्या ईसीजीला लावला की अडचण सुरू होते. हृदयविकाराचा झटका ओळखताना डॉक्टर ज्या भागाकडे बारकाईने पाहतात तो 'एसटी' भाग (रस्त्यावरची एसटी नव्हे!) संथ चढउताराचा असतो. खालची सीमा साध्या ॲनालॉग फिल्टरने ०.५ हर्ट्झवर नेली, तर हा भाग प्रत्यक्षात नसतानाही वर उचललेला किंवा खाली दबलेला दिसू शकतो. वरची सीमा ४० हर्ट्झवर आणली, तर उंच टोके बुटकी होतात आणि बारीक खाचा पुसल्या जातात. रेघ दिसायला सुबक होते, पण तिच्यातली माहिती कमी झालेली असते. सुबक रेघ म्हणजे अचूक रेघ असे समीकरण मांडता येत नाही, ते यामुळेच.

पेटी आणि तानपुरा

मग योग्य गाळणी एकदाच ठरवून यंत्रात बसवून का टाकत नाहीत? कारण कामागणिक ती बदलते. हृदयासाठी एक पट्टा, मेंदूच्या लहरींसाठी साधारण अर्ध्यापासून ७० हर्ट्झपर्यंतचा दुसरा, स्नायूंच्या तपासणीसाठी २० ते ५०० हर्ट्झचा तिसरा. प्रौढासाठी वेगळा, तान्ह्या बाळासाठी वेगळा.

साध्या फिल्टरमध्ये एक रोधक आणि एक कपॅसिटर असतो. या दोघांच्या गुणाकारावर सीमा ठरते. त्यांची मूल्ये ठरली की सीमाही ठरली. हार्मोनियमच्या पट्ट्यांसारखे हे आहे: सूर कारखान्यातच पक्का झालेला, गायकाने आपला गळा त्याच्याशी जुळवून घ्यायचा. मिरजेच्या तानपुऱ्याचे तसे नसते. खुंटी पिळून तार गायकाच्या सुराला आणतात आणि मणी सरकवून बारीक फरक काढतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, ते तिथल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या कारागिरीमुळे. इलेक्ट्रॉनिक्सच्या अभियंत्यांनाही फिल्टरसाठी अशीच खुंटी हवी होती. फक्त ती हाताने नव्हे, विजेनेच पिळता आली पाहिजे.

अशी खुंटी 'ऑपरेशनल ट्रान्सकंडक्टन्स ॲम्प्लिफायर' या घटकाने दिली. अभियंते त्याला 'ओटीए' म्हणतात. आरसीए कंपनीची 'सीए-३०८०' ही अशी चिप १९६० च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आली. हा घटक आत आलेल्या दाबाचे विद्युतप्रवाहात रूपांतर करतो. ते किती प्रमाणात करायचे, हे त्याला वेगळ्या वाटेने दिलेला एक छोटा नियंत्रक प्रवाह ठरवतो. ओटीएच्या पुढे कपॅसिटर जोडला की फिल्टर तयार होतो. नियंत्रक प्रवाह वाढवला की फिल्टरची सीमा वर सरकते, कमी केला की खाली येते.

प्रयोगशाळेतल्या साध्या चिपचे गणित पाहू. ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घेतला, तर साध्या सूत्रानुसार सुमारे ५ मायक्रोअँपिअर नियंत्रक प्रवाहाला सीमा १५० हर्ट्झच्या आसपास येते आणि सुमारे १.३ मायक्रोअँपिअरला ४० हर्ट्झच्या. एकही सुटा भाग न बदलता निदानाचा फिल्टर मॉनिटरचा होतो आणि पुन्हा निदानाचा. हा प्रवाह छोट्या संगणक-चिपकडून पुरवला, की बटण दाबून किंवा आपोआप सूर लावता येतो.

सांगलीचे १९४७ मध्ये सुरू झालेले वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय असो की साताऱ्याचे कर्मवीर भाऊराव पाटील अभियांत्रिकी महाविद्यालय, इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्याची फिल्टरशी गाठ पडतेच. वहीत हा विषय समीकरणांचा असतो. समीकरणातली ती सीमा पुढे कुणाच्या तरी छातीवर लावलेल्या इलेक्ट्रोडपर्यंत पोहोचते, तेव्हा तिचे खरे मोल कळते.

महाबळेश्वरची थंडी, सांगलीचा उन्हाळा

विजेच्या खुंटीलाही हवामान बाधते. ओटीएचे रूपांतराचे प्रमाण तापमानावर अवलंबून असते. नियंत्रक प्रवाह तोच ठेवला, तर महाबळेश्वरच्या थंडीत १० अंश सेल्सिअसला १५० हर्ट्झवर लावलेला फिल्टर सांगलीच्या उन्हाळ्यात ४० अंशांवर सुमारे १३६ हर्ट्झवर उतरतो. हवा बदलली की तानपुरा उतरतो, तसेच हे. मात्र फिल्टर सुरात लावण्याजोगा असल्याने त्यावर उपायही आहे. तापमानाच्या प्रमाणात वाढणारा नियंत्रक प्रवाह पुरवला, की एकाची घट दुसऱ्याच्या वाढीने भरून निघते.

दुसरी अडचण आकाराची. ०.०५ हर्ट्झची सीमा चिपच्या आत साध्या रोधकाने गाठायची, तर १० पिकोफॅरडच्या कपॅसिटरला तीनशे अब्ज ओहमहून मोठा रोधक लागेल. एवढा रोधक नेहमीच्या पद्धतीने चिपवर मावत नाही. म्हणून ट्रान्झिस्टर जवळजवळ बंद अवस्थेत ठेवून त्यातून झिरपणाऱ्या अत्यल्प प्रवाहाचा उपयोग करतात. अमेरिकेतील रीड हॅरिसन आणि कॅमेरॉन चार्ल्स यांनी २००३ मध्ये मेंदूच्या संकेतांसाठी अशा युक्तीचा ॲम्प्लिफायर प्रसिद्ध केला. त्याची खालची सीमा ०.०२५ हर्ट्झ होती आणि तो अवघ्या ८० मायक्रोवॅटवर चालत होता.

याची किंमतही मोजावी लागते. ओटीए काही मोजक्या मिलिव्होल्टपर्यंतच सरळ वागतो. संकेत त्याहून मोठा झाला की तो आकार बिघडवतो. प्रवाह जितका कमी, तितकी चिपची स्वतःची खरखर जाणवू लागते. त्यामुळे वीज वाचवायची, खरखर कमी ठेवायची की आकार शुद्ध राखायचा, ही ओढाताण प्रत्येक रचनेत असते. या विषयावर जगभर आजही संशोधन सुरू आहे, ते याच कारणाने.

दवाखान्याच्या भिंतीबाहेर

विलेम आइंथोव्हेन यांचे ईसीजी यंत्र विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सुमारे २७० किलो वजनाचे होते. रुग्णाला हातपाय मिठाच्या पाण्याच्या बादल्यांत बुडवून बसावे लागे. नेदरलँड्समधील लायडेनच्या रुग्णालयातून दीड किलोमीटरवरच्या प्रयोगशाळेत त्यांनी टेलिफोनच्या तारेने हे संकेत पाठवले होते. त्यांना १९२४ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. आज मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने हातात मावेल असे टेली-ईसीजी यंत्र विकसित केले आहे. यंत्र अंगावर बाळगण्याइतके लहान झाले की बॅटरीही लहान होते आणि मायक्रोवॅटचा हिशेब सुरू होतो. सुरात लावता येणाऱ्या ॲनालॉग फिल्टरची खरी गरज तिथेच आहे: अंगावरच्या पट्टीत, पेसमेकरसारख्या शरीरातल्या यंत्रात, वीज बेभरवशाची असलेल्या गावातल्या उपकरणात.

तोवर साध्या गोष्टी सांभाळल्या तरी पुष्कळ साधते. ५० हर्ट्झची थरथर दिसली की लगेच फिल्टरचे बटण दाबण्याआधी कारण शोधावे. इलेक्ट्रोड सैल आहे का, कोरड्या त्वचेवर जेल लावले आहे का, ईसीजीची वायर विजेच्या वायरीला लागून गेली आहे का, अर्थिंग नीट आहे का, हे पाहिले की बऱ्याचदा रेघ आपोआप शांत होते. रुग्णाने सैल, स्वस्थ पडून राहावे. थंडी वाजत असेल तर सांगावे, पांघरूण घ्यावे.

ईसीजीचा अर्थ लावणे हे डॉक्टरांचे काम. कडेचे आकडे वाचून घरच्या घरी निदान करू नये आणि छातीत दुखू लागल्यावर रुग्णालयात जाण्यास एक क्षणही उशीर करू नये. पण ईसीजीचा फोटो लांबच्या डॉक्टरांना पाठवण्याची वेळ आलीच, तर पूर्ण कागदाचा फोटो काढावा, कडा कापू नयेत. पाहणाऱ्या तज्ज्ञाला रेघेइतकीच त्या बारीक ओळीची गरज असते. रेघ कोणत्या गाळणीतून आली आहे, हे ठाऊक असेल तरच तिच्यावर किती विसंबायचे हे त्यांना ठरवता येते.