सहजीवनाची कसोटी : चूल, संडास आणि सातबारा

'सहजीवन' हा शब्द आपल्याकडे फार सोवळा होऊन बसला आहे. तो उच्चारला की आश्रम, प्रार्थना आणि साधी राहणी डोळ्यांपुढे येते. परंतु एकत्र राहणे ही केवळ भावनेची बाब नाही, ती व्यवस्थेची बाब आहे. गावगाड्यातही माणसे एकत्रच राहत होती. महारपुरा गावाला लागून होता, गावाची कामे त्याच्या अंगावर होती. विहीर मात्र गावाची होती. म्हणून कोणत्याही सामूहिक वसतीला तीन प्रश्न विचारले पाहिजेत. चूल एक आहे काय? घाण कोण काढतो? जमीन कोणाच्या नावावर आहे आणि आत कोणाला घ्यायचे हे कोण ठरवतो?

या प्रश्नांची उत्तरे आपल्या वर्धा जिल्ह्यातच शोधता येतात. १९३६ साली गांधीजी सेगावात राहायला आले. १९४० मध्ये गावाचे नाव सेवाग्राम झाले. आरंभी सारे आश्रमवासी 'आदिनिवास' या एकाच घरात राहत. स्वयंपाकघर सामाईक होते. संडाससफाई हे आश्रमवासीयांचेच काम होते. घाण काढणे हा जेथे एका जातीचा धर्म मानला गेला, तेथे ब्राह्मण-बनियांच्या हातात झाडू आला, याचे मोल नाकारण्याचे कारण नाही. वधूवरांपैकी एक जण अस्पृश्य मानलेल्या जातीतला असल्याशिवाय आश्रमात लग्न लावायचे नाही, असा निर्णय गांधीजींनी १९४६ साली घेतला. गांधीहत्येनंतर, मार्च १९४८ मध्ये, आंध्रातील ब्राह्मण घरात जन्मलेले नास्तिक कार्यकर्ते गोरा यांच्या मुलीचा विवाह एका दलित तरुणाशी तेथेच झाला.

पहिल्या दोन प्रश्नांना सेवाग्रामने उत्तर दिले. तिसऱ्या प्रश्नापाशी ते अडते. सेगावचे मालगुजार जमनालाल बजाज होते. आश्रमाचा शेवटचा शब्द एका महात्म्याचा होता. आश्रमात झाडू हाती घेणारा सवर्ण मनात आल्यास तो खाली ठेवू शकत होता. जन्माने झाडू मिळालेल्याला ती मुभा नव्हती. व्रत आणि हक्क यांतला फरक तो हाच.

धाम नदीच्या काठी पवनारला विनोबांनी १९५९ मध्ये ब्रह्मविद्या मंदिर स्थापन केले. तेथे भगिनींचा समूह आहे. स्वयंपाक, झाडलोट, शेती ही कामे त्या स्वतः करतात आणि निर्णय सर्वसंमतीने घेतात. सत्ता एका हाती न ठेवता माणसे नांदू शकतात, हे त्यांनी दाखवले. परंतु हे संसार सोडलेल्यांचे घर आहे. आपला प्रश्न लेकुरवाळ्या माणसांचा आहे.

संसारी माणसांसाठी महाराष्ट्रात रूढ झालेला मार्ग म्हणजे सहकारी गृहनिर्माण संस्था. येथे जमीन संस्थेच्या नावावर येते आणि प्रत्येक सभासदाला एक मत मिळते. पण या मार्गाचा आरंभ पाहा. मुंबईत गावदेवीला १९१५ साली उभी राहिलेली सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था ही देशातल्या पहिल्या अशा संस्थांपैकी. ती नावासकट एका जातीची होती. पुढे १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात, पुरेसे कारण असल्याशिवाय पात्र माणसाला सभासदत्व नाकारू नये असे तत्त्व आले. अर्जावरचा निर्णय तीन महिन्यांत कळवला नाही तर अर्जदार सभासद झाला असे मानावे, अशीही तरतूद झाली. तथापि २००५ मध्ये अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, सभासदत्व आपल्या समाजापुरते राखणारा पोटनियम वैध ठरवला. दाराला आतून कडी लावण्याची सोय अशी कायद्यातच राहून गेली.

कडी न लावताही दार बंद ठेवता येते. वर्ध्यात नोकरीला लागल्यावर मी खोली शोधत होतो. भाडे ठरण्याआधी आडनाव विचारले जाई, आणि ते सांगितले की खोली 'कालच गेलेली' निघे. वाचकांपैकी अनेकांना हे नवे नाही. शहरातल्या संकुलांत आज जिना झाडायला येणारा माणूस बहुधा आपल्यातलाच असतो आणि सभासदांच्या यादीत त्याचे नाव नसते.

मग आपण काय उभारायचे? आपल्याकडे या विचाराची जुनी परंपरा आहे. विनयपिटकातील कथेनुसार शाक्य राजपुत्रांआधी उपाली न्हाव्याला दीक्षा मिळाली, म्हणून राजपुत्रांना त्याला वंदन करावे लागले. विहार आणि त्याची जागा चारी दिशांच्या संघाची. ती वाटून घेता येत नसे. २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतील भाषणात बाबासाहेबांनी, भिक्षुसंघाला ठराव, गणपूर्ती आणि मतमोजणीचे नियम ठाऊक होते, याची आठवण दिली. म्हणजे प्रवेश, मालमत्ता आणि निर्णय या तिन्हींचा विचार तेथे झाला होता.

मागासवर्गीयांच्या गृहनिर्माण संस्थांना शासकीय योजनांतून जमीन आणि अर्थसाहाय्य मिळत आले आहे. अशी संस्था काढणाऱ्या कार्यकर्त्यांनी पोटनियम स्वतः वाचावेत. घर पतिपत्नी दोघांच्या नावावर असावे. सफाई पाळीने व्हावी, किंवा सफाई करणाऱ्याला पुरते वेतन आणि सभासदत्वाची वाट असावी. आपल्यापेक्षा खालची मानल्या गेलेल्या जातीच्या माणसालाही दार उघडे असावे. नाहीतर महारपुऱ्याच्या जागी पक्क्या विटांचा दुसरा पुराच उभा राहील, आणि त्याच्याही वेशीबाहेर कोणीतरी उभा असेल.