कारण सांगणारा मॉडेम

३० सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेतल्या एओएल या इंटरनेट कंपनीने टेलिफोनच्या लाइनवरून चालणारी आपली डायल-अप सेवा बंद केली आणि ठिकठिकाणी मॉडेमच्या त्या किरकिरत्या आवाजाच्या आठवणींना पूर आला. आवाज ही त्या यंत्राची सर्वांत क्षुल्लक गोष्ट होती. वेग तर शोक करण्याच्या लायकीचाही नव्हता. हळहळ वाटावी असं जे गेलं, त्याचा उल्लेख फारसा कुणी केला नाही: जोडणीचा प्रत्येक प्रयत्न कुठवर पोचला आणि कशामुळे फसला, हे वापरणाऱ्याला तोंडावर सांगण्याची शिस्त. आजचा फोन पडद्यावर एक गोल फिरवत ठेवतो आणि शेवटी ‘पुन्हा प्रयत्न करा’ म्हणतो. कशाचा प्रयत्न, आधीचा कुठे अडला, याचा पत्ता नाही.

साठ-सत्तरच्या दशकांत मॉडेम असले तरी बहुधा नंबर माणसाने फिरवायचा आणि रिसीव्हर यंत्रावर ठेवायचा, असाच प्रकार होता. खरा बदल झाला १९८१ मध्ये. डेनिस हेझ आणि डेल हेदरिंग्टन यांच्या स्मार्टमॉडेमचा वेग सेकंदाला अवघा ३०० बिट, पण तो स्वतः हुकूम ऐकत होता. संगणक आणि मॉडेम यांच्यात केबल एकच, तिच्यावरून हुकूमही जाणार आणि मजकूरही. म्हणून यंत्राच्या दोन अवस्था ठरल्या. हुकमाच्या अवस्थेत ‘एटी’ ही अक्षरं आली की पुढचं स्वतःसाठी आहे हे मॉडेम ओळखे. ‘एटीडीटी’ आणि पुढे नंबर म्हणजे टोनवर डायल कर; जुन्या एक्स्चेंजसाठी ‘एटीडीपी’, म्हणजे पल्सवर. ऑफिसच्या बोर्डातून बाहेरची लाइन घ्यायची तर शून्यानंतर स्वल्पविराम टाकायचा, मॉडेम दोन सेकंद थांबे. समोरून उत्तराची वाट किती पाहायची, किती रिंगनंतर आपण कॉल घ्यायचा, हे आकडेही वापरणाऱ्याला बदलता येत. आणि शेवटी निकाल यायचाच: कनेक्ट किंवा नो कॅरिअर, आणि पुढच्या मॉडेमांत बिझी, नो डायलटोन, नो आन्सर हेही.

मजकुराच्या मध्येच हुकूम द्यायचा झाला तर? त्यावर तीन अधिकचिन्हांचा उपाय निघाला, पण त्यांच्या आधी आणि नंतर सेकंदभर शांतता हवी अशी अट घालून. मजकुरात चुकून तीच चिन्हं आली तरी फोन कटू नये, एवढाच हेतू. हेझ यांच्या कंपनीने या शांततेचं पेटंट घेतलं, स्पर्धकांना कोर्टात खेचलं आणि १९९२ मध्ये अपिलातही जिंकलं. अनेक उत्पादकांनी मग परवान्याचे पैसे वाचवण्यासाठी ती शांतताच गाळली. परिणाम नव्वदच्या दशकाअखेर दिसला. कुणीही खोडसाळ माणूस त्या तीन चिन्हांमागे फोन ठेवण्याचा हुकूम जोडून एक पिंग, म्हणजे जसाच्या तसा परत येणारा चाचणी-संदेश, पाठवी. तुमचा संगणक इमानाने तोच मजकूर परत धाडी, तुमचा मॉडेम तो हुकूम समजे आणि लाइन कट. एका सेकंदाची मक्तेदारी आणि ती चुकवण्याची कंजुषी, दोन्हींचा भुर्दंड ग्राहकाने भरला. हेझ कंपनी १९९९ मध्ये मोडीत निघाली, याचं मला फार वाईट वाटत नाही.

भारतात या निकालशब्दांना खरी किंमत आली ती १५ ऑगस्ट १९९५ नंतर, विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वांसाठी खुलं केलं तेव्हा. मुंबईसह चार महानगरांत सेवा सुरू झाली. विद्यार्थ्यांना ५०० रुपयांत फक्त अक्षरं दाखवणारं खातं मिळे. १९९८ च्या अखेरीस खासगी कंपन्या येईपर्यंत दुसरं दुकान नव्हतं. त्या दिवसांत ‘बिझी’ आणि ‘नो कॅरिअर’ यांतला फरक थेट टेलिफोनच्या बिलात दिसे. एंगेज लाइनचे पैसे पडत नाहीत. पण पलीकडच्या मॉडेमने कॉल उचलला आणि दोघांचं जमलं नाही, तर मीटर पडलेलं असतं. दोष कुणाचा हेही त्यातून कळे. नो डायलटोन असेल तर टेलिफोन खात्याकडे तक्रार करायची, सारखं बिझी असेल तर इंटरनेट देणाऱ्याकडे.

निकालशब्दांतून दोष कुणाचा ते कळे, याचा सर्वांत मोठा पुरावा पुन्हा एओएलचाच. डिसेंबर १९९६ मध्ये तिने महिन्याला १९.९५ डॉलरमध्ये हवा तितका वेळ देऊ केला. जानेवारी उजाडेपर्यंत घरोघरी मॉडेम ‘बिझी’ म्हणू लागले. कंपनीने लाइन थोड्या घातल्या आणि गिऱ्हाइकं जास्त घेतली, हे त्या एका शब्दाने उघडं पाडलं. तुमच्याच संगणकात बिघाड असेल, असं म्हणायची सोयच उरली नाही. अनेक राज्यांच्या अ‍ॅटर्नी जनरलनी हस्तक्षेप केला आणि कंपनीला पैसे परत करणं कबूल करावं लागलं. अर्थात मॉडेमलाही मोकाट सोडलेलं नव्हतं. लागत नसलेला नंबर किती वेळा फिरवायचा यावर अनेक देशांत बंधन होतं. मर्यादा ओलांडली की काही मॉडेम नंबर काळ्या यादीत टाकत आणि तसं स्पष्ट कळवत.

‘नो कॅरिअर’ हाही मोघम शब्द होता, असा आक्षेप घेता येईल, आणि तो खरा आहे. सूर जुळला नाही, पलीकडच्याने फोन ठेवला, कॉल वेटिंगच्या टिकटिकीने जोडणी तुटली, सगळ्याला तोच एक निकाल. तरी आपली लाइन जिवंत आहे, नंबर लागला होता, एवढं त्यातून उरतंच. दुसरा आक्षेप, आजची जोडणी फार गुंतागुंतीची आहे, सामान्य माणसाला काय सांगणार? पण गुंतागुंत तेव्हाही होती. ती पाच-सहा शब्दांत बसवणं हेच तर कौशल्य होतं. शिवाय माहिती नाही म्हणून ती सांगितली जात नाही, असंही नाही. मोबाइलच्या मॉडेमसाठीचे प्रमाणित हुकूम आजही ‘एटी’नेच सुरू होतात. नेटवर्कने नोंदणी नाकारली की अजून शोध चालू आहे, सिग्नल किती आहे, शेवटचा कॉल कोणत्या कारणाने संपला, हे सगळं विचारण्याची तरतूद त्यांत आहे. फक्त विचारण्याची मुभा ग्राहकाला नाही.

ही मुभा नसल्याने काय होतं, ते आपण पाहिलं आहे. तुटलेल्या कॉलमागे एक रुपया, दिवसाला जास्तीत जास्त तीन, अशी भरपाई ट्राय या दूरसंचार नियामकाने १ जानेवारी २०१६ पासून लागू केली. सर्वोच्च न्यायालयाने तो नियम त्याच वर्षी मे महिन्यात रद्द केला. प्रत्येक तुटलेल्या कॉलचा दोष कंपनीवरच टाकता येत नाही, हे त्याचं एक कारण. न्यायालयाचं बरोबर होतं. म्हणूनच ट्रायने भरपाईच्या रुपयाआधी एक साधा नियम करावा: कॉल किंवा डेटा तुटला की त्याचं कारण फोनच्या पडद्यावर, मराठीत, दिसलंच पाहिजे.