तिकीट, पास आणि आसन : आल्प्समधील समूहाचा रेल्वेप्रवास

आल्प्स पर्वताची रांग भूमध्य समुद्राच्या किनाऱ्याजवळ सुरू होऊन फ्रान्स, इटली, स्वित्झर्लंड, जर्मनी आणि ऑस्ट्रिया ह्या देशांतून स्लोव्हेनियापर्यंत सुमारे १,२०० किलोमीटर पसरलेली आहे. ह्या भिंतीने युरोपच्या उत्तर भागाला दक्षिण भागापासून शतकानुशतके अलग ठेवले. ती भेदण्याचे काम रेल्वेने केले. ऑस्ट्रियातील सेमरिंग घाटातून १८५४ मध्ये आणि ब्रेनर खिंडीतून १८६७ मध्ये गाड्या धावू लागल्या. १८८२ मध्ये सुमारे १५ किलोमीटर लांबीचा गोटहार्ड बोगदा आणि १९०६ मध्ये त्याहून लांब असा सिंप्लॉन बोगदा खुला झाला. २०१६ मध्ये पर्वताच्या पायथ्याशीच खोदलेला ५७ किलोमीटर लांबीचा गोटहार्ड तळबोगदा वाहतुकीस खुला झाला. जगातील सर्वांत लांब रेल्वेबोगदा तो हाच.

भारतीय वाचकाला ह्या रेल्वेची ओळख अगदीच नवी नाही. निलगिरी पर्वतावर मेट्टुपालयमहून उदगमंडलमकडे चढणारी गाडी ज्या दातेरी पट्टीच्या आधाराने चढते, ती पद्धत रोमान आब्ट ह्या स्विस अभियंत्याने शोधून काढली होती. त्या मार्गावरील वाफेची नामांकित इंजिनेही स्वित्झर्लंडमधील विंटरथूर येथे तयार झाली होती. आज भारतातून, विशेषतः महाराष्ट्र आणि गुजरात ह्या राज्यांतून, अनेक कुटुंबे गट करून आल्प्स पाहण्यास जातात. अशा गटात वृद्ध असतात, लहान मुले असतात आणि पुष्कळदा आयुष्यभराच्या शिलकीतून एकदाच केलेला हा प्रवास असतो. म्हणून त्याची आखणी कशी करावी, हा प्रश्न केवळ सोयीचा राहत नाही.

तीन वेगळ्या गोष्टी

भारतात लांब पल्ल्याच्या गाडीच्या आरक्षित डब्याचे पक्के तिकीट हाती आले की डब्याचा आणि आसनाचा क्रमांकही त्याबरोबरच मिळतो. तिकीट म्हणजेच जागा, अशी समजूत त्यामुळे दृढ होते. आल्प्समधील रेल्वेव्यवहारात मात्र तीन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या मानल्या जातात. पहिली, प्रवास करण्याचा हक्क. तो तिकिटाने किंवा पासाने मिळतो. दुसरी, भाड्यातील सवलत. ती सवलतपत्राने, वयाने किंवा गटाच्या संख्येने मिळते. तिसरी, विशिष्ट गाडीतील विशिष्ट आसन. ते आरक्षणाने मिळते आणि आरक्षणाचे शुल्क सामान्यतः निराळे असते. पास घेतला म्हणजे आसन मिळाले असे होत नाही. त्याचप्रमाणे आसन राखून ठेवले म्हणून भाडे भरले असेही होत नाही. हा भेद एकदा ध्यानात आला की पुढील बहुतेक नियम आपोआप उलगडतात.

आसन कोठे राखावे, कोठे राखू नये

स्वित्झर्लंडमधील नेहमीच्या गाड्यांत आसन आगाऊ राखून ठेवण्याची सक्ती नाही. याचे कारण तेथील वेळापत्रकाच्या रचनेत आहे. १९८२ साली त्या देशाने संपूर्ण जाळ्यावर तालबद्ध वेळापत्रक लागू केले. कोणत्याही मार्गावरील गाडी दर तासाला त्याच मिनिटाला सुटते. पुढे अनेक मार्गांवर ती दर अर्ध्या तासाला सुटू लागली. मोठ्या स्थानकांत निरनिराळ्या दिशांच्या गाड्या थोड्या मिनिटांच्या अंतराने एकत्र येतात, प्रवासी गाडी बदलतात आणि त्या पुन्हा पांगतात. अशा व्यवस्थेत एक गाडी चुकली तरी तोच पास पुढच्या गाडीत चालतो. प्रवाशाला एका ठरावीक गाडीला बांधून ठेवण्याचे कारणच उरत नाही.

याला अपवाद आहेत ते प्रामुख्याने निसर्गदर्शनासाठी चालवल्या जाणाऱ्या गाड्यांचे. त्सेरमाट आणि सेंट मोरित्झ यांमध्ये धावणारी ग्लेशियर एक्सप्रेस १९३० मध्ये सुरू झाली. सुमारे आठ तासांच्या प्रवासात ती २९१ पूल आणि ९१ बोगदे ओलांडते, आणि २,०३३ मीटर उंचीच्या ओबरआल्प खिंडीतून जाते. ह्या गाडीत आरक्षण अनिवार्य आहे. तसेच ते खूर किंवा सेंट मोरित्झ येथून इटलीतील तिरानोपर्यंत जाणाऱ्या बेर्निना एक्सप्रेसमध्येही आहे. ही गाडी २,२५३ मीटर उंचीवरील ओस्पित्सियो बेर्निना स्थानकावरून, दातेरी पट्टीचा आधार न घेता, सुमारे ४३० मीटर उंचीवरील तिरानोला उतरते. वाटेत ब्रूझियो येथे ती वर्तुळाकार पुलावरून स्वतःच्याच मार्गाखालून जाते. ह्या दोन्ही गाड्यांत पासधारकाला भाडे पडत नाही. आरक्षणशुल्क मात्र द्यावे लागते.

येथे एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. ज्या रुळांवरून ह्या खास गाड्या जातात, त्याच रुळांवरून स्थानिक गाड्याही जातात. त्यांत आरक्षणाची सक्ती नाही आणि पास पूर्णपणे चालतो. पूल तेच, हिमनद्या त्याच आणि खिंडीही त्याच. फरक इतकाच की डब्याला छतापर्यंत काचा नसतात आणि मध्ये गाडी बदलावी लागते. खास गाडीत जागा न मिळाल्यास सहल फसली असे मानण्याचे म्हणूनच कारण नाही.

स्वित्झर्लंडची सीमा ओलांडली की नियम बदलतात. फ्रान्सच्या अतिजलद गाड्यांत आणि इटलीच्या जलद गाड्यांत आरक्षण सक्तीचे असते. झुरिचहून मिलानला जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय गाड्यांतही सीमा ओलांडताना ते घ्यावे लागते. ऑस्ट्रियाच्या जलद गाड्यांत ते सामान्यतः ऐच्छिक, पण रात्रीच्या शयनगाड्यांत अनिवार्य असते. फ्रान्सच्या जलद गाड्यांत पासधारकांसाठी ठेवलेली आसने मर्यादित असतात. एकट्याला सहज मिळणारी जागा वीसजणांच्या गटाला मिळेलच असे नाही.

पास की अर्धे भाडे

परदेशी पाहुण्यांसाठी असलेला स्विस ट्रॅव्हल पास ३, ४, ६, ८ किंवा १५ सलग दिवसांचा मिळतो. त्यावर रेल्वे, टपाल खात्याच्या बसगाड्या, सरोवरांतील बोटी आणि शहरांतील वाहतूक यांचा उपयोग करता येतो. त्याचाच दुसरा प्रकार असा की, तेवढेच दिवस एका महिन्याच्या अवधीत निवडून वापरता येतात. मात्र ह्या प्रकारात त्या त्या दिवसाची नोंद गाडीत बसण्यापूर्वी करावी लागते. नोंद न करता बसलेल्या प्रवाशाला तिकीट तपासनीस विनातिकीट प्रवासीच समजतो.

ह्याला पर्याय म्हणजे अर्ध्या भाड्याचे सवलतपत्र. ते पाहुण्यांना एका महिन्यासाठी मिळते, आणि ते जवळ असले की जवळजवळ सर्व तिकिटे निम्म्या दराने घेता येतात. दोहोंतील निवड साध्या गणिताने करता येते. नियोजित प्रवासांचे पूर्ण भाडे एका कागदावर मांडावे, त्याचे निम्मे करावे, त्यात सवलतपत्राची किंमत मिळवावी आणि येणारी रक्कम पासाच्या किमतीशी ताडून पाहावी.

ही तुलना करताना पर्वतरेल्वेचा हिशेब स्वतंत्र धरला पाहिजे, कारण पास तेथे सर्वत्र सारखा लागू होत नाही. १८७१ मध्ये सुरू झालेली रिगीची रेल्वे पासात समाविष्ट आहे. गोर्नरग्राटच्या रेल्वेवर पासधारकाला निम्मी सवलत मिळते. ३,४५४ मीटर उंचीच्या युंगफ्राउयोखला नेणाऱ्या, १९१२ मध्ये पूर्ण झालेल्या रेल्वेसाठी पास ग्रिंडेलवाल्ड किंवा वेंगेनपर्यंतच चालतो, आणि पुढे केवळ २५ टक्के सवलत मिळते. अर्ध्या भाड्याच्या सवलतपत्रावर मात्र ती ५० टक्के मिळते. यावरून असे म्हणता येईल की, रोज मुक्काम हलवणाऱ्या गटाला पास लाभदायक ठरतो, तर एकाच गावी राहून दोनतीन शिखरे पाहणाऱ्या गटाला बहुधा सवलतपत्र पुरते.

अनेक देशांतून जायचे असल्यास यूरेल पासाचा विचार करावा. १९५९ पासून चालत आलेला हा पास युरोपबाहेरील रहिवाशांसाठी असून तो आज ३३ देशांत चालतो. परंतु पर्वतरेल्वेवरील त्याच्या सवलती स्विस पासाइतक्या विस्तृत नाहीत, आणि सक्तीच्या आरक्षणाचा खर्च त्यातही वेगळाच राहतो.

बावीस जणांचा हिशेब

उदाहरणार्थ, २२ जणांचा एक गट घेऊ. त्यात १६ प्रौढ असून त्यांतील चार आजीआजोबा आहेत. उरलेली सहा मुले ६ ते १५ वर्षांची आहेत. चार मुलांचे आईवडील गटात आहेत, तर दोन मुले केवळ आजीआजोबांबरोबर आली आहेत. पासधारक आई किंवा वडील सोबत असतील तर १६ वर्षांखालील मुलांना कुटुंबपत्रावर विनामूल्य प्रवास करता येतो. ही सवलत आजोबांच्या किंवा काकांच्या सोबतीला लागू नाही. अर्थात चार मुले विनामूल्य आणि दोन मुले अर्ध्या दराने, म्हणजेच १६ पूर्ण पास, दोन अर्धे पास आणि चार कुटुंबपत्रे असा हिशेब होतो. एकत्र कुटुंबाच्या पद्धतीने विचार करणाऱ्या गटाची चूक नेमकी येथेच होण्याचा संभव असतो.

समजा, त्यांचा मार्ग आठ दिवसांचा आहे. पहिल्या दिवशी झुरिचहून खूरमार्गे सेंट मोरित्झ; दुसऱ्या दिवशी तिरानोला जाऊन परत; तिसऱ्या दिवशी ग्लेशियर एक्सप्रेसने त्सेरमाट; चौथ्या दिवशी गोर्नरग्राट; पाचव्या दिवशी इंटरलाकेन; सहाव्या दिवशी युंगफ्राउयोख; सातव्या दिवशी लुसर्न; आणि आठव्या दिवशी रिगी पाहून झुरिच. जवळजवळ रोजच प्रवास असल्याने आठ सलग दिवसांचा पास येथे योग्य ठरतो. सक्तीची आरक्षणे मात्र दोनच आहेत : तिरानोला जाताना बेर्निना एक्सप्रेसचे आणि तिसऱ्या दिवशी ग्लेशियर एक्सप्रेसचे. तिरानोहून परतताना साधी गाडी पुरेशी आहे.

आरक्षण करताना पासांची संख्या नव्हे, तर माणसांची संख्या मोजावी. आसने २२ हवीत. विनामूल्य प्रवास करणाऱ्या मुलांनाही आसनाचे शुल्क पडते. पासांकडे पाहून १८ आसने राखली, तर त्सेरमाटच्या गाडीत चार मुलांना जागा उरणार नाही, आणि सक्तीच्या आरक्षणाच्या गाडीत उभ्याने जाण्याचीही सोय नसते. ग्लेशियर एक्सप्रेसचे आरक्षण सुमारे तीन महिने आधी खुले होते. उन्हाळ्याच्या सुटीतील मोठ्या गटाने त्याच सुमारास नोंदणी करणे इष्ट. तसेच शरद ऋतूच्या अखेरीस ही गाडी काही आठवडे बंद असते, हेही तारखा ठरवण्यापूर्वी पाहावे.

दुसऱ्या वर्गात समोरासमोर चार आसनांचे संच असतात. बावीस जणांसाठी असे पाच संच आणि वर दोन आसने लागतात. प्रत्येक लहान मूल आपल्या पालकाच्या संचात आणि प्रत्येक वृद्ध जोडपे एखाद्या तरुण जोडीदारासह, अशी यादी आधीच केली तर डब्यात गोंधळ होत नाही. खिडकीची आसने निम्मीच असतात. मार्ग वळणावळणाचा असल्याने दृश्य दोन्ही बाजूंना येते, आणि अर्ध्या वाटेवर जागा बदलणे हाच न्याय्य उपाय होय. उलट दिशेने तोंड करून बसण्याची तक्रार तर मार्गच निम्मी सोडवतो, कारण खूर स्थानकात ग्लेशियर एक्सप्रेसची दिशा बदलते आणि पाठमोरे बसलेले प्रवासी पुढे पाहू लागतात.

इतर गाड्यांत आरक्षणाची सक्ती नसली तरी दहा किंवा अधिक जणांच्या गटाने आपला प्रवास रेल्वेकडे आगाऊ नोंदवणे श्रेयस्कर. त्यामुळे गटाला एकत्र जागा मिळते, आणि इतर प्रवाशांनाही अचानक आलेल्या गर्दीचा त्रास होत नाही.

फलाटावरील मिनिटे

मधल्या स्थानकांवर गाडी पुष्कळदा एकदोन मिनिटेच थांबते. फलाटाचे भाग ए, बी, सी अशा अक्षरांनी दाखवलेले असतात, आणि कोणता डबा कोणत्या भागासमोर येईल हे फलकावर लिहिलेले असते. सामानासह २२ जण एकाच दारातून चढू लागले तर वेळ अपुरा पडतो. म्हणून गटाचे दोन भाग करून ते दोन दारांशी उभे करावेत; प्रत्येक भागात प्रथम वृद्धांनी आणि मुलांनी चढावे, आणि सर्वांत शेवटी प्रमुखाने. काचेच्या छताच्या डब्यांत मोठ्या सामानाला जागा कमी असते. मोठ्या पेट्या रेल्वेच्या सामानसेवेने पुढच्या मुक्कामी पाठवता येतात.

गाडी बदलण्यास पाचसात मिनिटे मिळत असतील तर तेवढ्यावर विसंबावे की नाही, हे पुढील गाडीवर अवलंबून असते. पुढची गाडी साधी असेल तर चुकल्यास अर्धा किंवा एक तास जातो, एवढेच. पुढची गाडी आरक्षित असेल तर मात्र आधीच्याहून एक गाडी अगोदरची धरावी. मार्गावर कधी मोठा अडथळाही येतो. ऑगस्ट २०२३ मध्ये गोटहार्ड तळबोगद्यात मालगाडी रुळावरून घसरली, आणि तो सप्टेंबर २०२४ मध्ये पूर्ववत खुला होईपर्यंत अनेक प्रवासी गाड्या जुन्या पर्वतमार्गाने जाऊन सुमारे एक तास उशिरा पोचत होत्या.

पास नावावर असतो. तो गटातील दुसऱ्याला देता येत नाही आणि तपासणीच्या वेळी पारपत्र दाखवावे लागते. बेर्निनाच्या मार्गावर तर प्रवासी इटलीत उतरतो. म्हणून सर्वांची पारपत्रे प्रमुखाच्या एकाच पिशवीत ठेवण्याचा प्रघात सोयीचा वाटला तरी योग्य नव्हे. प्रत्येकाजवळ स्वतःचे पारपत्र, स्वतःचा पास आणि त्या दिवसाच्या गाड्यांची एक लेखी यादी असावी. गटातील एखादा मागे राहिला, तरी तासाभरात येणाऱ्या पुढच्या गाडीत त्याला निःशंकपणे बसता येते, आणि तो मुक्कामी येऊन इतरांना मिळू शकतो.