काशीच्या गल्ल्यांत चुकलात तर

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी आजीबरोबर काशीला गेलो होतो. गंगा तशी पूर्वेकडे वाहणारी नदी, पण काशीपाशी ती वळून उत्तरेला जाते. गाव तिच्या पश्चिम काठावर आहे. म्हणून घाटावर बसलं की सूर्य बरोबर समोर, पाण्यापलीकडून उगवतो.

घाट म्हणजे नदीत उतरणाऱ्या दगडी पायऱ्या. असे ऐंशीच्या वर घाट आहेत. एवढ्या पायऱ्या कशाला, असं मला वाटलं. पण पावसाळ्यात पूर आला की घाट पाण्याखाली जातात, आरतीसुद्धा गच्चीवर करावी लागते!

घाटामागे जुन्या गल्ल्या आहेत. समोरून बैल आला की भिंतीला चिकटायचं. दोन्ही बाजूंना उंच घरं, त्यामुळे मे महिन्यातही सावली. पण सूर्यच दिसत नाही, मग दिशा कशी कळणार?

विश्वनाथाचं आत्ताचं देऊळ अहिल्याबाई होळकरांनी १७८० च्या सुमारास बांधलं. दर्शन घेऊन परतताना मी पितळी देवांच्या दुकानापाशी रेंगाळलो आणि आजी दिसेनाशी झाली. मला रडूच आलं. तो दुकानदार म्हणाला, "नीचे उतरते जाओ, गंगाजी मिल जाएँगी।" मी उताराउताराने गेलो. खरंच पाणी दिसलं!

घाटांची नावं भिंतींवर मोठ्या अक्षरांत असतात. हिंदीची लिपी आपलीच, म्हणून वाचता आलं : ललिता घाट. आम्ही दशाश्वमेध घाटावरून निघालो होतो. तो कुठे? पाण्याकडे तोंड केलं की गंगा उजवीकडून डावीकडे वाहते. नावाडी म्हणाला, दशाश्वमेध वरच्या अंगाला. म्हणजे उजवीकडे. वाटेत मानमंदिर घाट लागला. तिथे वर सवाई जयसिंग राजाची वेधशाळा आहे. ती मी पळतच पाहिली.

आजी छत्रीखाली बसली होती. आधी एक धपाटा, मग पेढा.

दुसऱ्या दिवशी तिने माझा हात सोडला नाही. आम्ही खालच्या अंगाला गेलो. मणिकर्णिकेवर रात्रंदिवस चिता जळतात. आजी आजोबांची आठवण काढून बराच वेळ गप्प उभी राहिली. झाशीच्या राणीचं माहेरचं नाव याच घाटावरून मणिकर्णिका. पलीकडे शिंद्यांचा घाट, मग नागपूरकर भोसल्यांचा. दुर्गा घाटाजवळच्या गल्लीत एक म्हातारे गृहस्थ आमचं बोलणं ऐकून थांबले आणि मराठीत म्हणाले, "कुठल्या गावचे तुम्ही?"

आजी तिथेच पायरीवर बसली. मग दोघांच्या गप्पा काही संपेनात.