‘पक्का’ अंदाज आणि रविवारची झुंज

रविवारी सकाळी आमच्याकडे पोहे असतात. धाकटा आणि त्याचे दोन-तीन मित्र हॉलमध्ये बसतात आणि समोर टीव्हीवर चालू असते मारामारी. अमेरिकेत शनिवारची रात्र म्हणजे आपली रविवारची सकाळ, त्यामुळे तिकडच्या झुंजी नेमक्या माझ्या फोडणीच्या वेळेला! अष्टकोनी जाळीचा पिंजरा, आत दोघंच. ठोसे, लाथा, कुस्ती, ज्युडो सगळं चालतं. याला म्हणतात मिक्स्ड मार्शल आर्ट्स, मुलांच्या भाषेत एमएमए. सुरुवातीला मी नाक मुरडायचे. ‘बंद करा ते, सकाळी सकाळी रक्त कसलं बघता?’ मग एकदा बघते तर पिंजऱ्यात दोन बायका! हातातली पळी तशीच राहिली.

पण माझं लक्ष खरं वेधलं ते झुंजीने नाही, झुंजीआधीच्या बोलण्याने. ‘ही पहिल्याच राउंडमध्ये काढणार.’ ‘नाही रे, ती डावखुरी आहे, हिला जमणार नाही.’ आठवडाभर हेच. परदेशात तर यावर तास-तास चर्चा करणारी मंडळी आहेत. मी म्हटलं, करू देत, लग्न ठरण्याआधी आपण नाही का पत्रिका बघत!

त्या गंमतीत एक काटा होता, हे मला कळलं आमच्या बचत गटाच्या बैठकीत. एक ताई, कधी हप्ता न चुकवणाऱ्या, दोन महिने आल्याच नाहीत. निरोप यायचा, ‘मुलगा आजारी आहे.’ शेवटी मीच घरी गेले. आजार वेगळाच होता. पोराने हप्त्याचे पैसे, वर आईची पोतही गहाण टाकून, फोनवरून अशाच झुंजींवर लावले होते. कुठल्याशा ग्रुपवर कुणी ‘सर’ आधी निकाल सांगायचे. पाच वेळा बरोबर आले. सहाव्यांदा याने सगळं लावलं. ताई मला विचारत होत्या, ‘बाई, पाचदा खरं सांगणारा माणूस सहाव्यांदा खोटं कसा बोलेल हो?’

या प्रश्नाचं उत्तर मला देता आलं नाही. म्हणून घरी येऊन धाकट्याला समोर बसवलं. म्हटलं, मला सगळं शिकव. अंदाज करतात म्हणजे नेमकं काय करतात?

तर आधी बघतात हार-जीत किती. मग हार-जीत कुणाशी, हे त्याहून महत्त्वाचं. दहा जिंकल्या पण दहाही लिंबूटिंबू असतील तर काय उपयोग? मग उंची, हाताची लांबी, वय, डावरी की उजवी. उभ्याने मारणारी आहे की जमिनीवर नेऊन पिळणारी. दमसास किती, कारण साधी झुंज पाच-पाच मिनिटांच्या तीन राउंडची, पण किताबाची पाच राउंडची. पहिल्या राउंडला वाघीण असलेली चौथ्याला हात वर करू शकत नाही, असंही होतं.

आणि एक वजनाचा प्रकार आहे. झुंज वजनगटात होते आणि वजन आदल्या दिवशी करतात. म्हणून शेवटच्या आठवड्यात या मुली घाम काढून, पाणी तोडून काही किलो उतरवतात आणि काट्यावरून उतरल्या की परत भरून काढतात. जाणकार लोक काट्यावरचा चेहरा बघतात. गाल बसलेत का, पाय लटपटतात का. आपल्याकडे निर्जळी एकादशी करून दुसऱ्या दिवशी धुणं धुणाऱ्या बाईला विचारा, ते पाणी तोडणं म्हणजे काय असतं!

इतकं सगळं बघून केलेला अंदाज बरोबर यायला हवा, नाही? धाकट्याने मग मला २०१५ची एक झुंज लावून दिली.

राँडा राउझी ही अमेरिकन मुलगी. २००८च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये ज्युडोचं कांस्यपदक मिळवलेली. यूएफसी या एमएमएच्या सगळ्यात मोठ्या कंपनीने बायकांची पहिली झुंज ठेवली ती फेब्रुवारी २०१३मध्ये, आणि त्यात जिंकली हीच. हात धरायचा, कोपरातून उलटा ताणायचा, समोरची हार मानते. याला आर्मबार म्हणतात. बारा झुंजी, बारा विजय. आधीच्या तीन झुंजी तर १६, १४ आणि ३४ सेकंदांत संपवलेल्या. तिन्ही मिळून ६४ सेकंद! तेवढ्यात माझे पोहे भिजतसुद्धा नाहीत.

तिच्यासमोर होली होम. मुष्टियुद्धातली जगज्जेती, पण यूएफसीत नवखी म्हणावी अशी. यूएफसीत आधीच्या दोन झुंजी जिंकलेल्या, त्याही गुणांवर, फारसा प्रभाव न पाडता. १५ नोव्हेंबर २०१५, मेलबर्न. छप्पन्न हजारांवर माणसं बघायला. बहुतेक सगळे जाणकार म्हणत होते, राउझीच!

मी ती झुंज तीनदा पाहिली. राउझी सरळ अंगावर धावून जाते, होम बाजूला सरकते आणि डाव्या हाताचा ठोसा देते. परत धावते, परत सरकते. आपल्याकडे बैल अंगावर आला की शहाणी बाई मागे पळत नाही, बाजूला होते, अगदी तसं. पहिला राउंड पूर्ण होमचा. दुसऱ्याच्या ५९व्या सेकंदाला डावी लाथ मानेवर बसली आणि राउझी आडवी.

नंतर सगळे शहाणे झाले. ‘दिसतच होतं, होम हातात सापडणारी नव्हतीच.’ मला हे बोलणं पटत नाही. दिसत होतं तर आधी का नाही बोललात? खरं म्हणजे सगळ्यांचे डोळे त्या ६४ सेकंदांवर होते. राउझी काय करते ते सगळ्यांनी पाहिलं, पण तिला ते कुणी करूच दिलं नाही तर ती काय करेल, हे तोवर कुणी पाहिलेलं नव्हतं.

बरं, मग होम अजिंक्य? चारच महिन्यांनी, मार्च २०१६ला, मिशा टेटसमोर ती गुणांत पुढे होती आणि पाचव्या राउंडला गळ्याच्या पकडीत बेशुद्ध पडली. टेट जिंकली, तिला जुलैमध्ये ब्राझीलच्या अमांडा नुनिसने हरवलं. त्याच वर्षाच्या अखेरीस नुनिसने राउझीला ४८ सेकंदांत संपवलं, २०१९ला होमलाही पाडलं. आता हीच कायमची, असं सगळे म्हणू लागले, तर डिसेंबर २०२१ला लास वेगासमध्ये हुलियाना पेन्याने तिला दुसऱ्या राउंडला गळ्यात धरून हार मानायला लावली. पेन्या एका लहान मुलीची आई. वर्षभर आधी एक झुंज हरलेली. कुणाच्या खिजगणतीत नव्हती. आणि पुढच्या जुलैत नुनिसने किताब तिच्याकडून परतही घेतला. मी कागदावर बाण काढत बसले होते, कोण कुणाला हरली. शेवटी तो कागद लोकरीच्या गुंत्यासारखा दिसू लागला!

आपल्या रितू फोगटचं उदाहरण मात्र मला फार शिकवून गेलं. ‘दंगल’ सिनेमामुळे फोगट बहिणी घरोघरी माहीत झाल्या. त्यातली ही रितू २०१९मध्ये कुस्ती सोडून एमएमएत गेली. डिसेंबर २०२१, सिंगापूर, स्पर्धेची अंतिम झुंज. समोर थायलंडची स्टॅम्प फेअरटेक्स, लाथा-ठोशांची राणी. सगळ्यांचा अंदाज सरळ होता, उभ्याने झाली तर स्टॅम्प, जमिनीवर गेली तर रितू. आपल्यासारख्या कुस्ती माहीत असलेल्यांनाही हेच पटेल. आपल्याकडे पाठ टेकली की कुस्ती संपली, ढोल वाजला. चितपट!

पण या खेळात पाठ टेकली म्हणजे हरलं असं नसतं. खाली पडलेली बाईसुद्धा वरचीचा हात धरू शकते, पायांत मान अडकवू शकते. रितूने झुंज जमिनीवर नेली. म्हणजे अंदाजातला अवघड भाग बरोबर आला! आणि तिथेच, जमिनीवर, दुसऱ्या राउंडला स्टॅम्पने खालून तिचा हात पकडून आर्मबार लावला. लहानपणापासून अंगात मुरलेली कुस्ती सांगत असणार, ‘वर आहेस म्हणजे जिंकलीस.’ इथला नियम वेगळा होता. हे माझं मत हं, रितूच्या मनात काय होतं ते तिलाच ठाऊक.

आमच्या भागात तालमी आहेत, आता मुलीही येतात. २०२३ला सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली, प्रतीक्षा बागडीने गदा उचलली, तेव्हा आमच्या गल्लीतल्या मुलींनी पेढे वाटले होते. त्यांना मी ही रितूची झुंज दाखवली. एक जण म्हणाली, ‘काकू, म्हणजे खाली पडलं तरी चालतं?’ मी म्हटलं, त्या खेळात चालतं.

बरं, एवढे अंदाज चुकतात का? एक साधं कारण आहे. क्रिकेटवाला वर्षात कितीतरी सामने खेळतो, ही मंडळी वर्षाला दोन-तीनदाच पिंजऱ्यात उतरतात. तेवढ्यावरून माणूस कसा ओळखणार? चार वेळा बघून सून तरी कळते का हो? मधल्या सहा महिन्यांत कुणी नवा डाव शिकतं, कुणाचा गुडघा जातो. ते बाहेर सांगत कोण बसतं! हातमोजेही मुष्टियुद्धाच्या मानाने अगदी पातळ, त्यामुळे हरत आलेलीचा एक ठोसाही सगळं उलटं करतो.

आणि डोळ्यांदेखत घडलेलंही सगळ्यांना सारखं दिसत नाही. उत्तर प्रदेशातल्या बुढाण्याची पूजा तोमर, यूएफसीत झुंज जिंकणारी पहिली भारतीय महिला. जून २०२४, लुईव्हिल, अमेरिका. तीन राउंड झाले, निकाल तीन पंचांकडे. एकाने दिले ३०-२७, म्हणजे तिन्ही राउंड पूजाचे. दुसऱ्याने २७-३०, म्हणजे तिन्ही तिच्या विरोधात! तिसऱ्याने २९-२८ पूजाला दिले म्हणून ती जिंकली. पिंजऱ्याला खेटून बसलेले तिघे पंच, तीच पंधरा मिनिटं, आणि हे असं. मग महिनाभर आधी फोनवर ‘पक्कं’ सांगणारे सर कोण लागून गेले?

आता ताईंच्या प्रश्नाचं उत्तर. पाचदा खरं कसं आलं? धाकट्याने वहीत मांडून दाखवलं. समजा चौसष्ट पोरांना वेगवेगळे निरोप पाठवले. बत्तीस जणांना ‘लाल जिंकणार’, बत्तीस जणांना ‘निळी’. एक गट चुकणारच, त्याला सोडून द्यायचं. उरलेल्या बत्तीसांत परत सोळा-सोळा. मग आठ-आठ, चार-चार, दोन-दोन. पाच झुंजींनंतर दोन पोरं अशी उरतात, ज्यांच्यासाठी सर पाचही वेळा बरोबर! त्यांना वाटतं, देवमाणूस भेटला. बाकीचे बासष्ट त्यांना माहीतच नसतात. सरांना एमएमएतलं ओ की ठो माहीत असायची गरज नाही.

आणि असं ठकवणं नसेल, धंदा सरळ असेल, तरी हिशोब बघा. परदेशात बरोबरीची झुंज असली की साधारण एकशे दहा लावले तर वर शंभर मिळतात. म्हणजे तू एकशे दहा लावलेस, मी एकशे दहा. जिंकणारीला दोनशे दहा परत. दहा कुठे गेले? दुकानदाराकडे. आपल्या भिशीत पैसे फिरतात, पण राहतात आपल्यातच. इथे दर फेरीला दहा रुपये भिशीतून कमी होतात. ऑगस्ट २०२५मध्ये केंद्राने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. पण ग्रुपवरचे निरोप कायदा वाचून थोडेच येतात!

ती वही घेऊन मी ताईंकडे गेले. मुलगा दारातच होता, मान खाली. मी त्याला ओरडले नाही, चौसष्ट पोरांचं गणित मांडलं. तो बराच वेळ वहीकडे बघत राहिला. मग म्हणाला, ‘म्हणजे मावशी, माझ्यासारखा अजून एक होता.’

हल्ली तो रविवारी आमच्याकडे पोहे खायला येतो. पोरं झुंजीआधी आपापला अंदाज कॅलेंडरच्या पाठीवर लिहितात, सोबत ‘का’ तेही एका ओळीत. हा माझा नियम! हरणाऱ्याने कपबशा विसळायच्या. मीही लिहिते. गेल्या महिन्यात चारपैकी तीन चुकले. ताईंची पोत अजून सोनाराकडेच आहे, तीन हप्ते राहिलेत. पोरगा दुकानात कामाला लागलाय आणि दर महिन्याला पावती आणून आधी मला दाखवतो, मग आईला.