बायपासला एक्स्पायरी डेट नसते

रायपूरच्या गोल बाजारात पूजेचं सामान घ्यायला गेलो, की शेजारच्या जडीबुटीच्या दुकानात कुणीतरी अर्जुनाची साल मागत उभं असतं. इकडे तिला कहुआची साल म्हणतात. गिऱ्हाईक साठीच्या पुढचं आणि वाक्य ठरलेलं : ‘‘बायपास को दस साल हो गए, भैया. गारंटी खतम.’’ दुकानदार मान डोलावतो आणि साल तोलतो. परवा आमच्या तात्यापाऱ्यातल्या एका काकांनी हेच मराठीत ऐकवलं. वर म्हणाले, ‘‘गोळ्या बंद केल्या रे. संपलंच आहे, तर खर्च कशाला?’’

एवढं ऐकल्यावर गप्प बसणं अवघड.

गैरसमज : बायपास दहा वर्षं टिकतो.

वस्तुस्थिती : बायपास म्हणजे स्कूटरचा टायर नव्हे. तीन बायपास झाले म्हणजे तीन ग्राफ्ट, म्हणजे जोडलेल्या तीन रक्तवाहिन्या, आणि प्रत्येकीची चाल निराळी. बहुतेकांना छातीच्या आतल्या बाजूची एक धमनी जोडतात, बाकी पायातून काढलेल्या शिरा. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांतला, २००४ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो : दहा वर्षांनी पायाच्या शिरांपैकी ६१ टक्के उघड्या होत्या, छातीच्या धमन्यांपैकी ८५ टक्के. दहाव्या वर्षी मोजणी केली, एवढाच त्या दहाचा अर्थ. दहाव्या वाढदिवसाला सगळे ग्राफ्ट मिटतात, असं त्यात कुठे आहे?

फरक पडतो तो घडणीमुळे. शीर कमी दाबाच्या रक्तासाठी बनलेली. तिला अचानक धमनीचा दाब सोसावा लागतो. पहिल्या महिन्यात गुठळीचा धोका, मग वर्षभरात आतला थर जाड होणं, आणि पुढे तीच जुनी चरबी. छातीची धमनी मुळातच या दाबाला सरावलेली असते, आणि तिचं अस्तर रक्तवाहिनी सैल ठेवणारं नायट्रिक ऑक्साइड जास्त बनवतं.

तेव्हा गॅरंटी संपायची वाट पाहण्यात अर्थ नाही. राखण पहिल्या दिवसापासून करायची असते. १९९७ च्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीत, वाईट कोलेस्टेरॉल जोरात उतरवलेल्या रुग्णांचे २७ टक्के ग्राफ्ट चार-एक वर्षांत आणखी खराब झाले. बेताने उतरवलेल्यांचे ३९ टक्के. काकांनी बंद केल्या त्या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या याच गोळ्या.

गैरसमज : दुसऱ्यांदा बायपास होतच नाही.

वस्तुस्थिती : जोखीम जास्त असते, पण होतो. मनमोहन सिंग यांचा पहिला बायपास १९९० मधला. दुसरा २४ जानेवारी २००९ रोजी दिल्लीच्या एम्समध्ये, मुंबईच्या डॉ. रमाकांत पांडा यांच्या पथकाने केला. त्यानंतर ते २०१४ पर्यंत पंतप्रधान होते आणि डिसेंबर २०२४ मध्ये, ९२ व्या वर्षी गेले. शिवाय अनेकदा स्टेंटवरही भागतं.

गैरसमज : ऑपरेशनमध्ये ब्लॉकेज काढून टाकतात. – नाही. ते जागेवरच राहतं, रक्ताला फक्त वळणरस्ता मिळतो.

गैरसमज : शीर काढली की पाय अधू. – काही आठवडे सूज राहू शकते. पण आतल्या मोठ्या शिरा काम सांभाळतात.

गैरसमज : दुखत नाही, म्हणजे सगळं उघडं आहे. – मधुमेह्यांना तर अॅटॅकही न दुखता येऊ शकतो.

गैरसमज : साल घेतली की गोळ्या नकोत. – अर्जुनावर छोटे अभ्यास झालेत, तेही छातीतल्या कळेसाठी. तिने ग्राफ्ट उघडा राहतो, याचा भक्कम पुरावा नाही. कहुआच्या पानांवर कोसा रेशमाचे किडे पोसले जातात, ते या झाडाचं नक्की सिद्ध झालेलं काम.

घरात कुणाचा बायपास झाला असेल, तर आज डिस्चार्ज कार्ड शोधा. त्यावर ‘लिमा’ लिहिलं असेल, तर ती छातीची धमनी. ‘एसव्हीजी’ म्हणजे पायाची शीर. ते कार्ड घेऊन हृदयरोगतज्ज्ञांकडे जा. साल घ्यायची हौस असेल तर त्यांना विचारून घ्या, पण अॅस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलची गोळी स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करू नका.